आकृत्यांचे नंबर

पाठ्यपुस्तकांची पानं तयार करणाऱ्या त्या लांबट खोलीत दोघी शेजारीशेजारी बसत. वहिनी पानं लावायची आणि तिची धाकटी नणंद आकृत्यांना नंबर द्यायची. नंबर देणं म्हणजे काय पोरखेळ वाटला? लेखक महाशय ऐन वेळी मध्येच एखादी आकृती घुसडणार, की पुढचे सगळे नंबर बदलणार, आणि मजकुरात जिथे जिथे 'आकृती पाहा' म्हटलंय तिथलेही. नणंद पट्टी धरून ओळ न् ओळ शोधायची. डोळे लालबुंद व्हायचे. पण नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर. ही नोकरी वहिनीनंच शब्द टाकून मिळवून दिली होती.

मग मालकांनी नवी सिस्टिम आणली. जुनीत माउसनं ओढून पानं लावायची, हिच्यात सगळे हुकूम लिहून द्यायचे. वहिनीची भंबेरी उडाली. एक कंस विसरला की अख्खं प्रकरण गायब! "मेलं हे, सासूपेक्षा खाष्ट आहे," ती पुटपुटायची.

"माझ्या आईला नावं ठेवू नकोस हं," नणंद म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

हळूहळू वहिनी मॅक्रो लिहायला शिकली. एकदा हुकूम नीट रचून त्याला नाव द्यायचं, मग नुसतं नाव लिहिलं की काम आपोआप. नणंदेच्या डोळ्यांची दया येऊन तिनं पहिला मॅक्रो नंबरांचाच लिहिला.

"अगं, इकडे ये, गंमत बघ!" तिनं मध्येच एक आकृती घातली. पुढचे नंबर सरकले, मजकुरातलेसुद्धा. वहिनीनं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून मालक मागे येऊन उभे राहिले.

"पुन्हा करून दाखवा," ते म्हणाले.

तेव्हा कुठे वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. "कधीकधी चुकतं हो हे," ती घाईघाईनं म्हणाली. "नजरेखालून घालायला माणूस लागतंच." पण मॅक्रो मेला एकदाही चुकला नाही.

महिनाअखेरीला नणंद पट्टी पिशवीत घालून निघाली. "तुझा काय दोष, वहिनी? माझ्या भल्यासाठीच केलंस ना," म्हणाली. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं!

मालक आता ती रिकामी खुर्ची ओढून बसतात. "पानं लावायचंही असंच काहीतरी बसवा ना," परवा ते गोड बोलून म्हणाले.

नाही म्हणायची सोय नव्हती. आता नणंदेचं धरून दोन घरं वहिनीच्या जिवावर होती. तिनं नवी फाईल उघडली आणि पहिला हुकूम लिहायला घेतला.