सावंतकाकांची जीभ आणायला गेलो तेव्हा

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, बहुतेक. आमच्या बोरीवलीच्या सोसायटीची टूर निघाली की मिनीबसमध्ये जाताना सामान असतं आणि येताना किस्से. त्यात एखादा माझ्या पदरचा मिसळला, तर कळणार कुणाला?

या टूर निघायच्या त्या तिखट खायला, आणि कारण एकच, सावंतकाका! एका तापात त्यांच्या जिभेची चव गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." आम्ही म्हटलं, आपणच जाऊन आणू!

* * *

कोल्हापूर. तांबडा रस्सा समोर आला आणि वाफेने सगळ्यांचे चष्मे धुरकटले. पलीकडचं जग पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. त्या धुक्यात काका तळ्याकाठच्या बगळ्यासारखे शांत, वाटीमागून वाटी पीत बसलेले.

"काका, काही लागलं?"

"गरम आहे," काका म्हणाले.

आम्ही बाहेर टाकलेलं हाड एका कावळ्याने उचललं. तो जो उडाला, तो आम्हाला थेट साताऱ्यात दिसला, पाण्याच्या टाकीत चोच बुडवून!

* * *

नागपूर. सावजी मटण खाऊन ड्रायव्हरला उचकी लागली, आणि प्रत्येक उचकीला हात हॉर्नवर! दुपारचं ऊन, आम्ही सगळे अर्धवट झोपेत. हॉर्न कुठल्या तरी लांबच्या आगबोटीचा वाटत होता.

"त्याला पाणी द्या रे," काका म्हणाले. "मला कशाला देताय?"

* * *

शेवटी म्हटलं, इतकं लांब कशाला? गोराई आहे की! फेरीबोटीने खाडी ओलांडायची, बस. पाणी तेलासारखं संथ. बोट चाललीय की तिवरं सरकतायत, कळेना. काका डोळे मिटून बसलेले. काकू माझ्याकडे सरकल्या.

"दिनू, मी आता जेवण करायचं सोडणार आहे रे."

"का हो काकू?"

"काय पण वाढा, झकास म्हणतात. परवा डाळीला फोडणी द्यायची विसरले, तरी झकास! लग्न झाल्यापासून ताटावर बसून भांडलेला माणूस हा. आता मी कुणासाठी चाखून बघू?"

काकांचे डोळे मिटलेलेच.

गोराईत घरगुती जेवण देणाऱ्या रोझीमावशींच्या घरी पंगत होती. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून ठेवलेला त्यांचा मसाला, आणि त्यातलं रावसाचं कालवण. पहिल्याच घासाला माझ्या कानांत समुद्र वाजायला लागला. काकांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. आणि भरल्या पंगतीत म्हणाले,

"आंबट कमी पडलंय. आमची कुसुम घालते तसं नाय."

मावशींचा कालवणाचा डाव हवेतच राहिला.

"लाज नाय वाटत?" काकू कडाडल्या. "लोकांच्या घरी जेवताय! गप गिळा!" आणि एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने आपल्या ताटातली तुकडी त्यांनी काकांना वाढली.

परतताना बोटीत सगळा वेळ काकू एकच बोलत होत्या, उद्याच्या कालवणात कोकमं किती घालायची!

* * *

आता कबुली देतो. साताऱ्यातला कावळा माझा. नागपूरचा हॉर्नही मी जरा जास्तच वाजवला. पण रावसाचं ते कालवण मी स्वतः दोनदा मागून घेतलं होतं. आंबट चांगलं सणसणीत होतं. बोरीवलीला उतरलो तरी माझे दात आंबलेलेच होते.