पाहुणीसाठी कॉफी

"आईचं करायला सरकार मला पगार देतं, नाहीतर मी अजून कारखान्यात कोंबड्याच सोलत असते," वर्ना एकदा म्हणाली होती.

त्या पगाराचे तास ठरवणारी बाई आज केंटकीच्या डोंगरातल्या त्यांच्या घरी तपासणीला आली. पाहुणी आली म्हणून वर्नाच्या म्हाताऱ्या आईने, ओपलने, लिपस्टिक लावली, भिंत धरून उठली आणि स्वतः कॉफी ओतली.

"आई, बस गं. रोज मीच उठवते ना तुला?"

"गप बस. परक्यांसमोर मला लुळी ठरवतेस?"

बाईने लिहिलं, मदतीशिवाय चालते, तास बंद.

ती गेल्यावर ओपल कोसळली. "बघ, कशी लाज राखली."

वर्नाने तिला उचलून पलंगावर निजवलं, खुंटीवरचा कारखान्याचा एप्रन घेतला आणि बाहेर पडली.