बाबा, गोचीड आणि धरणाची फेरी

माझे सासरे आमच्याकडे सिंगापूरला राहायला आले, तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा मरीन इंजिनिअर. वडिलांना घरी आणून, चार दिवस त्यांच्याजवळ बसून तो बोटीवर निघून गेला. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी, आठ वर्षांची मुलगी आणि बाबा असे तिघं उरलो.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बाबा आणि मी एकमेकांशी बोलायचो ते सासूबाईंमार्फत. "तिला सांग, आमटी चांगली झालीय," असं ते त्यांना सांगायचे, आणि मी त्यांनाच विचारायची, "बाबांना अजून पोळी हवीये का?" आता मधलं माणूसच गेलं होतं. मी ऑफिसातून यायची तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असायचे. सकाळी निघतानाही तिथेच.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याच्या काठाने मैलोन् मैल चालायचं, कुठे गळतंय, कुठे कोणी चोरून पाणी घेतंय ते पाहायचं, हे त्यांचं काम. ते आठवून एका रविवारी मी त्यांना मॅकरिचीला नेलं. जुनं धरण, मागे मोठा जलाशय आणि भोवती दाट जंगल. बाबा बांधावर उभे राहिले, पाण्याकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा आपणहून बोलले, "सांडवा कुठाय याचा?"

त्यानंतर ते एकटेच जायला लागले. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं कार्ड, बसचा नंबर, सगळं शिकले. संध्याकाळी जेवताना मला माहिती मिळायची, "आज घोरपड दिसली. अजगराएवढी!" जेवण वाढलं, झोप लागायला लागली. मी निर्धास्त झाले.

पण कालव्यावरचा माणूस आखलेल्या वाटेवरून किती दिवस चालणार? तळ्यात ओढा कुठून येऊन मिळतो ते बघायला बाबा गुडघाभर गवतातून थेट पाण्यापर्यंत जायचे आणि दमले की तिथेच बैठक मारायचे. हे मला कळलं ते एका रविवारी दुपारी.

मी पोळ्या लाटत होते. बाबा आंघोळ करून आले होते आणि कमरेमागे खाजवत होते. त्यांनी नातीला हाक मारली, "अगं, इथं खपली धरलीय का बघ बरं."

मुलगी वाकली, निरखून पाहिलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजोबा, युअर खपली गॉट लेग्ज लाह!"

मी पिठाच्या हातांनीच धावले. लेंग्याच्या नाडीच्या जरा वर, मसुरीएवढी करडी गोचीड कातडीत तोंड खुपसून बसली होती. पाय हलत होते.  मी झुरळ दिसलं तरी पलंगावर चढणारी बाई.

"गोचीड आहे, बाबा."

"गोचीड? म्हशीला होते ती?" बाबांना भीतीपेक्षा अपमानच जास्त वाटला. मग लगेच म्हणाले, "उदबत्ती लाव. चटका दिला की सुटते. आमच्या गोठ्यात तसंच करायचे."

खालचं क्लिनिक रविवारी दुपारी बंद असायचं. मी म्हटलं, टॅक्सी करून हॉस्पिटलात जाऊ. बाबांनी साफ नकार दिला. "गोचीड काढायला हॉस्पिटल? आणि तिथल्या पोरीबाळींसमोर लेंगा सैल करू?" मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, ती मात्र चूक झाली. रॉकेल लावा, लसूण चोळा, नेलपॉलिशचा थर द्या म्हणजे गुदमरून सुटेल. प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येकाचा कोणीतरी काका त्याने बरा झाला होता.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. कोणी "चालतं" म्हटलं की ते कुठे मोडतं हे शोधायचा मला पगार मिळतो. हात धुतले, फोन घेऊन बसले आणि डॉक्टर लोकांनी लिहिलेलं शांतपणे वाचून काढलं. सगळीकडे तेच होतं. जाळू नका, तेल-रॉकेल लावू नका, चुरडू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. जितक्या लवकर काढाल तितकं बरं.

"चटका नाही द्यायचा, बाबा," मी म्हटलं. "तिचं तोंड आत आहे. तिला त्रास दिला की ती पोटातलं आपल्या रक्तात ओकते. आजार त्यातूनच होतात."

बाबांनी विचार केला. म्हणाले, "म्हणजे पाणी उलटं फिरतं."

"हो. अगदी तसंच."

"मग नको चटका. उलटं पाणी फार वाईट."

माझा भुवयांचा चिमटा चपट्या टोकाचा, तो उपयोगाचा नव्हता. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत सुईसारख्या टोकाचा एक चिमटा सापडला. तो साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला. बाबा दिवाणावर पालथे झोपले, चेहरा भिंतीकडे. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते. मी कमरेखाली टॉवेल पांघरला. त्यांची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कालव्याचा दरवाजा अडकला तर काय करायचे हो तुम्ही?"

"दरवाजा?" आवाज जरा सैल झाला. "नवीन माणूस हिसका देतो. हिसक्यानं दांडा तुटतो आणि दरवाजा खालीच राहतो. आपण नुसता ताण द्यायचा. एकसारखा. सोडायचा नाही, वाढवायचा नाही. मग तो आपणच येतो वर."

ते बोलत असतानाच मी चिमटा कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाशी धरलं आणि एकसारखा ताण दिला. कातडी तंबूसारखी वर आली. गोचीड सुटेना. मनातलं सगळं मला सांगत होतं, हिसडा दे आणि मोकळी हो. मी नाही दिला. मुलगी माझ्या खांद्यामागे श्वास रोखून उभी होती. आणि मग गोचीड सुटली. अख्खी, तोंडासकट, चिमट्याच्या टोकावर पाय झाडत.

"निघाली?" भिंतीकडून आवाज आला.

"निघाली, बाबा! पूर्ण निघाली!"

मुलगी दिवाणाभोवती नाचायला लागली. मी गोचीड औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावलं, जागा साबणाने धुतली, अँटिसेप्टिक लावलं. तेवढ्यात बाबा उठून बसले, नाडी बांधली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "शाबास." मध्ये कोणीही नाही. सरळ मला.

दुसऱ्या दिवशी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीणबाईंनी जागा पाहिली, बाटली उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "कोणी काढली?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं, "डॉटर." डॉटर-इन-लॉ म्हणायचं ते विसरले की काय, मी कधी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, काम चांगलं झालंय, पण काही आठवडे लक्ष ठेवा. ताप, अंगावर पुरळ, डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच या आणि गोचीड चावली होती हे सांगा. मग रोज सकाळी चहाआधी थर्मामीटर. बाबा तो तोंडात धरूनच पेपर वाचायचे. चावलेल्या जागेची लाल गाठ हळूहळू निवळली. ताप आला नाही.

मधे बोट बंदराला लागली तेव्हा नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता बाबांना त्या जंगलात पाठवू नकोस." मलाही ते पटलं. बाबांना तसं सांगितलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ताटात अर्धी पोळी तशीच राहिली, आणि मला गोचिडीपेक्षा त्या खुर्चीची भीती वाटायला लागली.

आठवड्याच्या शेवटी मी म्हटलं, "बाबा, शनिवारी धरणावर जाऊ. मी येतेय. पण माझ्या पद्धतीने."

माझी पद्धत त्यांना मुळीच आवडली नाही. लेंगा बंद, फिकट रंगाची पँट, म्हणजे काही चढलं तर दिसेल. पँटचे पाय पांढऱ्या मोज्यांत खोचायचे. "हा काय बँडवाल्याचा वेश!" बाबा म्हणाले. बुटांवर, मोज्यांवर, मनगटांवर कीटकांना पळवणारा स्प्रे. वाटेच्या मधून चालायचं, गवतात पाऊल नाही, बसायचं ते बाकावर. "आणि ओढा?" त्यांनी विचारलं. "ओढा पुलावरून बघायचा." घरी आल्यावर कपडे थेट कडक गरम ड्रायरमध्ये, लगेच आंघोळ आणि तपासणी. गुडघ्यांमागे, काखेत, बेंबीत त्यांचं ते आरशात पाहायचे. केस आणि कानांमागची जागा नातीकडे. पाठ माझ्याकडे. पहिल्या शनिवारी ते पाठ दाखवताना संकोचले. नंतर नंतर बनियन वर करून हुकूम सोडायचे, "चला, इन्स्पेक्शन!"

एकदा माझ्याच मोज्यावर चालणारी एक गोचीड बाबांनी पकडली. पांढऱ्यावर काळा ठिपका लगेच दिसला. चिकटपट्टीत गुंडाळून त्यांनी ती मला अशी दाखवली जणू वाघ मारलाय. त्या दिवसापासून बँडवाल्याच्या वेशाबद्दल तक्रार बंद झाली.

मग त्यांच्या मनाने घेतलं, जलाशयाला पूर्ण फेरी मारायची. जंगलावरून जाणारा झुलता पूलही त्यातच. सत्तरी ओलांडलेला माणूस, दमट हवा, चढउतार. मी आढेवेढे घेतले. ते म्हणाले, "अगं, मी कालव्यावर याच्या दुप्पट चालायचो." मुलीला आदल्या रात्रीच तिच्या मैत्रिणीकडे ठेवलं आणि आम्ही उजाडताच निघालो. पहिल्या तासातच धापा टाकायला लागले ती मी.

अर्ध्या वाटेवर एका लाकडी चौथऱ्यापाशी आपल्याकडचंच एक तरुण जोडपं दिसलं. मुलीने हाफ पँट घातली होती, ती पोटरीकडे बघून रडत होती आणि मुलाच्या हातात पेटता लायटर होता. बाबांनी लांबूनच ओळखलं.

"अरे बेटा, आग मत लगाव! रुको!" बाबांचं हिंदी पाटबंधारे खात्यातलंच. "वो उलटा पानी छोडेगी अंदर! हमारी सूनबाई निकालेगी. एकदम एक्सपर्ट!"

आता चिमटा माझ्या सॅकमध्ये कायमचाच असायचा. मी स्पिरिटच्या कापसाने तो पुसला आणि गुडघ्यांवर बसले. आजूबाजूला चालणारे दोघं-चौघं थांबले. माझा हात जराही हलला नाही. धरलं, एकसारखा ताण दिला, वाट पाहिली, आणि गोचीड आली. मुलीने मला मिठीच मारली. बाबा तोवर त्या मुलाला ताप, पुरळ आणि डॉक्टर सगळं बजावून सांगत होते. शेवटी त्याला मोजे वर ओढायला लावले, तेव्हाच सोडलं.

झुलत्या पुलावर वारा होता. खाली पाहावं तिकडे झाडांचे शेंडे, आणि पलीकडे दूरवर पाणी चमकत होतं. मी दोन्ही कठडे धरून चालत होते. बाबा मध्ये थांबले, बोटाने दाखवत म्हणाले, "तो बघ, ओढा तिकडून येतो. मी म्हटलं नव्हतं?" मग पाण्याकडेच बघत म्हणाले, "तुझ्या सासूला चालायचा कंटाळा. पण हे तिला आवडलं असतं." सासूबाई गेल्यावर त्यांचं नाव माझ्याजवळ बाबांनी पहिल्यांदाच काढलं. मी फक्त "हो" म्हटलं. आम्ही पुढे निघालो.

दुपारच्या आत बांधावर परत पोचलो, तेव्हा माझ्या पायांचे तुकडे पडले होते आणि बाबा मला सांडव्याची रुंदी समजावून सांगत होते. घरी तपासणी झाली. दोघांपैकी कोणाच्याही अंगावर काही नाही. संध्याकाळी मुलीचा हट्ट म्हणून खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. बाबांनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"ऐक," ते म्हणाले, आवाज शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल असा, "आम्ही दोघांनी धरणाची पूर्ण फेरी मारली! पूर्ण! तू आलास की तुलाही नेतो. पण मोजे घालायचे, समजलं ना? इथे सूनबाईचे नियम चालतात."