मागे उभा राहणारा

खोबरेल तेलाचा वास आला की डिंडोलीतला पत्र्याचा प्रार्थना-हॉल आठवतो. मिलच्या झगमगत्या साडीकापडाने सजवलेल्या स्टेजवरून पाहुणे पास्टर सांगत होते, "स्वतःचं बळ सोडा, देवावर पडा, तो झेलेल." कपाळाला त्यांचं तेल लागलं की पुढे आलेला माणूस मागे पडायचा, आणि देव झेलणार असला तरी प्रत्येकामागे झेलायला एक धडधाकट माणूस त्यांनी उभा केलाच होता. आईमागे मी होतो. तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहाच महिने झाले होते, त्यामुळे माझी नजर पास्टरांच्या तेलकट अंगठ्यावर होती. तो कपाळाला तेल लावत नव्हता, सरळ ढकलत होता. आई हलली नाही. "ताई, शंका सोडा," ते माइकवर म्हणाले. "शंका माझी नाही पास्टरसाहेब, मागे उभ्या पोराची आहे," असं म्हणून तिने वळून मला विचारलं, "तू मांगे शे ना?" मी मान डोलावली. मग ती डोळे मिटून सगळ्या वजनानिशी मागे पडली. मी तिला झेललं, आणि हॉलभर हालेलुया झाला. ती कोणाच्या भरवशावर पडली, हे मी कधी विचारलं नाही. पण अजूनही ती खुर्चीतून उठू लागली की माझे हात आपोआप पुढे होतात, आणि तिथे देव आहे की नाही हे बघायला वेळ उरत नाही.