शालनच्या रुखवतातली करवत

विजयमालाला शिवणकाम जमत नव्हतं आणि जमवून घ्यायची हौसही नव्हती. तिचा नवरा लालासाहेब फौजेत हवालदार. एका सुटीत त्यानं इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी एक विचित्र यंत्र आणलं. सांगाडा जुन्या शिलाई मशीनचा, खाली पाय मारायची जाळी, पण वर सुईच्या जागी खालीवर नाचणारं केसाएवढं बारीक दातेरी पातं, म्हणजे लाकूड कापायची पायानं चालणारी करवतच. पलटणीतल्या मिस्त्रीनं जोडून दिलेलं. पेन्शनीत निघाल्यावर आपण त्यावर कोरीवकाम करू, असा त्याचा बेत होता. तो परत गेला त्याच आठवड्यात बायकोनं घरातल्या जुन्या पाटाचा मोर करून टाकला.

मग ती थांबली नाही. वाण्याकडून चहाच्या रिकाम्या खोक्यांचं प्लायवूड आणायचं आणि कराडच्या ट्रक रंगवणाऱ्या पेंटराकडून डब्यांच्या तळाशी उरलेला रंग. त्यातून किल्ल्या अडकवायचे पोपट, आरशाच्या महिरपी, रेडिओच्या फळीला वेलबुट्टी. रंगच ट्रकचा, त्यामुळे तिचे पोपट घाट चढायला निघाल्यासारखे दिसत. आणि बाईला खोड अशी, की प्राण्यांना ओळखीची तोंडं द्यायची. किल्ल्यांसाठी केलेल्या घुबडाकडं बघून सासरे रोज पोटभर हसत. ते आपणच आहोत, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

लग्नसराईत तिच्या दारात बायकांची रीघ लागे. रुखवतात मांडलेल्या वस्तू नवरीनं स्वतःच्या हातानं केल्यात, असं मांडवात सांगायचं असतं. सगळे सांगतात, कुणी मानत नाही आणि कुणी विचारतही नाही. विजयमाला वस्तू करून देई आणि मांडवात उभी राहून, “काय हात हाय पोरीचा,” म्हणून आपल्याच मोराला दाद देई. तीही इतकी खणखणीत, की नवरीच्या आईला घाम फुटे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात थोरल्या जावेच्या, राहीबाईच्या शालनचं लग्न होतं. मुलगा कराडकडचा. शालन गुणी, पण चित्रकलेच्या नावानं आनंद. तिनं रांगोळीत कमळ काढलं तर कोबी वाटायचा. मांडवात विहीण बनुबाई रुखवतासमोर बसली, आरशाची महिरप उचलून तिनं पाठपोट पाहिली.

“पोरीनं केलंय?”

“व्हय तर,” राहीबाई म्हणाली. “तिच्याच मशीनवर. उठवलं तरी उठत न्हाई.”

तोंडाला लगाम नसला की असं होतं.

“मग ते मशीन बी द्या संगं,” बनुबाई म्हणाली. “आमी हुंडा मागितला न्हाई, मानपान मागितला न्हाई. पर असला हात रिकामा ठिवायचा म्हंजी काय.”

सगळा मांडव ऐकत होता. राहीबाईनं धाकट्या जावेकडं पाहिलंसुद्धा नाही. “न्या की,” म्हणाली.

विजयमालानं मनात हिशेब मांडला. खरं बोलावं तर शालनचं सासरी पाऊल पडायच्या आधीच हसं. न बोलावं तर यंत्र गेलं, आणि यंत्राशिवायच्या दुपारी कशा असतात ते तिला चांगलं आठवत होतं.

“पाठराखीण म्हणून मी जाते, आक्का,” ती म्हणाली.

“तू? आजी जायची ठरलीया.”

“आजी मशीन चालवणार हाय व्हय?”

नवरी, करवत आणि पाठराखीण एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कराडकडं गेल्या. सत्यनारायण उरकला न उरकला तोच बनुबाईनं फर्मान काढलं: दारावर लावायला दोन हत्ती पाहिजेत. समोर राहणाऱ्या तिच्या जावेनं साताऱ्याहून प्लॅस्टिकचं तोरण आणलं होतं, त्याचा काटा काढायचा होता. संध्याकाळी हत्ती बघायला तिला बोलावणंही करून टाकलं.

“आमी दार लोटून बसतो,” विजयमाला म्हणाली. “नवी नवरी, कुणी बघाय लागलं की हात थरथरतो तिचा.”

आत शालन पाय मारायला आणि चुलती लाकूड फिरवायला. पहिला हत्ती झोकात झाला. दुसऱ्याला शालन म्हणाली, मी बघते जरा. बघितलं.

“काकी, सोंड गेली.”

“गेली तर गेली. रेडा म्हणून रंगीव.”

दोघी हसत सुटल्या आणि तेवढ्यात बनुबाई चहाचे कप घेऊन आत आली. तिनं आधी हत्ती पाहिला, मग शालनचे पाय, मग विजयमालाचे हात. शालन भीतीनं पाय थांबवायचंच विसरली. पातं हवेत खालीवर होत राहिलं.

“कवापासनं हे?”

“पयल्यापासनं,” विजयमाला म्हणाली. “पोरीला बोल लावू नका. आईनं हौसंनं सांगितलं.”

“हिला काय येतंय मग?”

“पाय झ्याक मारती.”

बनुबाईनं दाराला कडी घातली आणि खाली बसली. “माझ्या रुखवतातली मोत्यांची तोरणं मामीनं केल्याली,” ती हळूच म्हणाली. “सासूनं अजून दोन कर म्हटलं, तवापासनं माझं डोळं दुखत्यात.”

मग तिघींनी चहा घेतला.

“पर मी जावंला सांगून बसलीया,” बनुबाई म्हणाली. “लय फुशारकी मारलीया. आता ह्या सोंडंचं काय?”

“दुसरा करते. पर मशीन माझं हाय, माझ्यासंगं जाईल.”

“आन् लोकांस्नी काय सांगू?”

“बिघडलं म्हणा. दुरुस्तीला धाडलंय.”

“किती दिस?”

“तुमचं डोळं बरं हुईस्तवर.”

बनुबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं आणि पदरात तोंड घालून हसली. मग स्वतःच बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसली. कुणी आलं की खोकायची. दुपारभर त्या घरात खोकला चालला. विजयमालानं रंगाचं बोट शालनच्या गालाला आणि दोन्ही मनगटांना फासलं, आणि संध्याकाळी जाऊबाईंनी हत्ती पाहून आपल्या प्लॅस्टिकच्या तोरणाकडं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली निघाली तेव्हा त्याच जाऊबाई अंगणात उभ्या.

“काल तर चालत हुतं. एका रातीत बिघडलं?”

“तुझी नजर लागली,” बनुबाई शांतपणे म्हणाली, आणि मशीनला दोरीचा आणखी एक वेढा घालून तिनं स्वतःच्या हातानं गाठ आवळली.