कापडाची हाडकं

सातपूरला कारखान्यांच्या भिंती संपून पत्र्याच्या खोल्या सुरू होतात, तिथे नवसाबाई राहते आणि कुत्र्यांसाठी खेळणी शिवते. हे ऐकून लोक हसतात. हसू द्यावं. गल्लीतल्या बायकाही आधी नाकं मुरडायच्या, की इथे पोरांना खेळणी मिळेनात आणि ही बया कुत्र्यांचे लाड करते. आता त्याच बायका फाटक्या जीन्स तिच्या ओट्यावर आणून टाकतात.

ती मूळची पेठकडची, डोंगरातली. लहानपणी भाताची कामं आटोपली की आईबापाबरोबर निफाडला द्राक्षबागांत कामाला यायची. लग्न होऊन सातपूरला आली ती इथलीच झाली. नवरा गेल्यावर शिवणावर घर चालवलं. शिंप्यांच्या दुकानांतल्या चिंध्या उचलून आणायच्या आणि गोधड्या शिवायच्या. पण ब्लँकेटं स्वस्त झाली, गोधड्या कोणी विचारीना. तेव्हा सून छाया म्हणाली, बंगलेवाले कुत्र्यांना चावायला काहीबाही विकत घेतात, आपण कापडाची हाडकं शिवू. नवसाबाईला तो वेडेपणा वाटला. तरी तिने शिवली, छायाने मोबाइलवर फोटो टाकले, आणि गिऱ्हाइकं यायला लागली.

कामाची तिची पद्धत ठरलेली. कापड सोडा घातलेल्या पाण्यात उकळून घ्यायचं. बटण, चेन, हुक काही ठेवायचं नाही, कुत्रं गिळतं. बाहेर जाड कापड, आत चिंध्या, कडेने दुहेरी टीप. शेवटचं तोंड मात्र मशीनवर नाही, हाताने, दाभणाने शिवायचं. आणि तोंड शिवण्याआधी नागलीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा आत सारायचा. तिची आई गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात असाच घास ठेवायची. पोट रिकामं ठेवून तोंड शिवू नये, एवढंच आईने सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं. कुत्री त्या घासासाठी हाडूक फाडायची आणि गिऱ्हाईक दुसरं न्यायला यायचं. धंद्याला बरंच होतं.

मग गंगापूर रोडवरच्या एका बाईंनी वारलेल्या सासऱ्यांचे सदरे आणून दिले. त्यांचा कुत्रा दिसेल ते फाडणारा, सोफासुद्धा सोडला नव्हता. सदऱ्याचं हाडूक त्याने हुंगलं, जमिनीवर ठेवलं आणि पंजांवर डोकं टेकून त्याच्यासमोर पडून राहिला. दात लावला नाही. म्हाताऱ्याची आठवण येत असेल, असं छाया म्हणाली. ठीक. पण उरलेल्या सदऱ्याचं हाडूक इंदिरानगरला गेलं होतं, आणि तिथल्या कुत्र्याने म्हाताऱ्याला जन्मात पाहिलं नव्हतं. तोही तसाच पडून राहिला. पुढे एका शिंप्याच्या गाठोड्यातून आलेल्या जांभळ्या खणाचं तेच झालं. नवसाबाई उठून शिंप्याकडे गेली. खणाची चोळी शिवायला टाकणारी बाई ती न्यायला आलीच नव्हती. वारली होती.

वास म्हणावा, तर कापड उकळलेलं. आजार म्हणावा, तर त्याच कुत्र्यांनी त्याच दिवशी दुसरी हाडकं फाडून चिंध्या केलेल्या. नवसाबाईने डोकं चालवणं सोडून दिलं आणि एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणी जुने कपडे घेऊन आलं की ती आधी विचारायची, "माणूस हाय ना?" लोक चमकायचे, काही रागवायचे. गेलेल्या माणसाचं असेल तर ती गाठोडं परत करायची.

प्रतिभा मात्र त्या प्रश्नावर चमकली नाही. "तेच विचारायला आलेय मावशी," ती म्हणाली.

तिच्या हातात कारखान्याचा निळा शर्ट होता आणि पायाशी बंड्या, उभ्या कानांचा तांबडा कुत्रा. शर्ट तिच्या नवऱ्याचा, नवनाथचा. तो एका सकाळी पहिल्या पाळीला म्हणून निघाला आणि कारखान्यात पोचलाच नाही. मोटारसायकल बसस्टँडच्या पार्किंगमध्ये सापडली. पोलिसांत तक्रार झाली, फोटो लागले, तीन वर्षं गेली. आता निफाडचे सासरे, सावळीराम, हटून बसले होते. मुलगा गेला असं धरायचं आणि त्र्यंबकला गव्हाच्या पिठाचा पुतळा करून त्याचे दिवस घालायचे. त्याशिवाय घराची पीडा जाणार नाही. पण सुनेने हो म्हटल्याशिवाय त्यांचाही जीव धजत नव्हता. प्रतिभाने आजवर हो म्हटलं नव्हतं. जिवंत माणसाचे दिवस घातले तर काय होतं, हे तिला कोणी सांगत नव्हतं. आणि हाडकांची गोष्ट गंगापूर रोडच्या बाईंकडून तिच्या कानावर आली होती.

नवसाबाईने साफ नाही म्हटलं. कुत्र्याच्या तोंडून असं काही विचारू नये, असं तिला वाटत होतं. प्रतिभा रडली नाही, गयावया केली नाही. ओट्यावर बसून राहिली. अशा बाईला घालवणार कसं? शेवटी नवसाबाईने शर्ट उकळून उन्हात टाकला आणि वाळल्यावर त्याची एक बाही कापून घेतली. पुढे दाभण अडलं, बोटातून रक्त आलं, असलं काही झालं नाही. उलट दाभण कापडात फार सहज जात होतं. जणू तिथे आधीच भोकं होती. तिने घास सारला, तोंड शिवलं आणि हाडूक ओट्याखाली टाकलं.

बंड्याने ते हुंगलं. मग त्याने हाडकाचं एक टोक दातांत धरलं, दुसऱ्यावर पंजा ठेवला आणि टरकन फाडलं. शेपूट हलवत, लोळत, गुरगुरत त्याने सगळ्या चिंध्या गल्लीभर केल्या आणि भाकरीचा तुकडा कुडुमकन खाऊन टाकला.

नवसाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. "जिता हाय गं," ती म्हणाली. "नवरा जिता हाय तुझा."

प्रतिभा चिंध्यांकडे बघत होती. "बरं झालं कळलं," ती म्हणाली. "मग सासऱ्यांना हो सांगते."

नवसाबाईला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "जित्या माणसाचे दिवस घालणार तू?"

"मेला असता तर जन्मभर वाट बघितली असती मावशी. पण आपल्या मर्जीने गेलाय तो, मोटारसायकलला कुलूप लावून. चावी खिशात घालून."

एवढं बोलून तिने बंड्याची साखळी ओढली आणि ती गेली. उरलेला शर्ट मशीनवरच राहिला.

निफाडला जाऊन सावळीरामांना सांगावं, असं नवसाबाईच्या मनात येऊन गेलं. पण काय सांगणार? तुमचा मुलगा जिवंत आहे, कुत्र्याने हाडूक फाडलं? छायाने तर तिला गप्पच केलं. लोकांच्या घरात आपण कशाला पडायचं, कुत्र्याला खेळावंसं वाटलं, खेळला. नवसाबाई निफाडला गेली नाही. विधीचा दिवस मात्र तिला कळला होता. त्या दिवशी तिने मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी न राहवून तिने शर्टाची पाठ कापायला घेतली. काही बदललेलं नाही, बदलणार नाही, एवढंच तिला बघायचं होतं. तीच टीप, तोच घास, तेच दाभण. ह्या वेळी दाभण जाताना कापड जड लागलं, ओलं असल्यासारखं. उन्हात वाळवलेलं होतं ते.

दोन-चार दिवसांनी दुपारी प्रतिभा आली, शर्ट न्यायला. गळा मोकळा, कपाळ मोकळं. चेहरा मात्र बऱ्याच दिवसांनी पोटभर झोपलेल्या माणसासारखा. सगळं नीट पार पडलं, सासरे आता जेवायला लागलेत, असं ती सांगत होती. नवसाबाईने पाठीचं हाडूक उचलून बंड्यापुढे ठेवलं.

बंड्या उड्या मारतच पुढे आला. त्याने ते हुंगलं. त्याची शेपटी थांबली. तो दोन पावलं मागे सरला, खाली बसला आणि पंजांवर डोकं टेकून त्या निळ्या कापडाकडे बघत राहिला.

प्रतिभाने त्याला पायाने ढोसलं. तो हलला नाही.

"हे दुसऱ्या कुणाचं आहे," ती म्हणाली.

"त्याच शर्टाची पाठ हाय."

"पण तेव्हा तर त्याने…" प्रतिभाने मशीनवरचा बिनपाठीचा शर्ट पाहिला. मग खाली वाकून तिने ते हाडूक उचललं, पदराखाली घेतलं आणि गल्लीतून चालायला लागली. साखळी ओट्यावरच राहिली होती. बंड्या उठला आणि तिच्या मागून निघाला. ती थांबली की तोही थांबायचा. जवळ मात्र जात नव्हता.