कोठीत एक माणूस

माझी मावशी कोठीत शिरली की तासभर सापडत नाही. कोठी कसली, जिन्याखालची जागा ती; एका टोकाला उभं राहता येतं, दुसऱ्या टोकाला डोकं आपटतं. वर हातरुमालाएवढी खिडकी. दुपारी तिथून तिरपं ऊन येतं, त्यात पिठाची धूळ तरंगत असते, आणि मावशी पालथ्या डब्यावर बसून ती बघत राहते. मीठ आणायला गेलेली बाई हात हलवत परत येते आणि मलाच विचारते, "मी कशाला गेले होते गं?" काका म्हणतात, "ही कोठीत जात नाही, गावाला जाते."

शिंप्याच्या दुकानात ती काजं करते. तिथे तिच्या हातात सुई असली की नजर हलत नाही. घरात मात्र सगळा आनंदीआनंद. हळदीच्या पुड्यांवर पुड्या, कारण जुनी सापडत नाही म्हणून ही नवी आणणार. झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं, दांडा तुटलेल्या चाळण्या. "असू दे, लागेल कधीतरी," हे तिचं ब्रह्मवाक्य. मला पसाऱ्याची चीड आहे आणि माझं तोंडही काही गोड नाही. पण आईच्या माघारी मला हीच एक, म्हणून बोलते खूप आणि तरी माझ्या घरून रोज इथेच येते.

अशात थोरलीचा फोन आला. थोरली म्हणजे आईची आणि मावशीची मोठी बहीण. जन्मभर नर्स होती, लग्न केलं नाही, इस्पितळांच्या वसतिगृहांत राहिली. बदली झाली की पेटी उचलायची आणि दुसऱ्या खोलीत जायचं. निवृत्त झाल्यावरही तिला एक खोली ठेवू दिली होती, पण आता ती इमारतच पाडणार होते. "वृद्धाश्रमात जागा मिळतेय," ती म्हणाली. "महिनाअखेर कळवायचंय त्यांना. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

मावशीने फोन ठेवला. "ताई इथे येणार," ती म्हणाली.

"येऊ दे की," काका म्हणाले. "पण झोपेल कुठे? माझ्या डोक्यावर?" काका वाईट नाहीत हो. घर दीड खोलीचं, त्यांची पाठ धरलेली. "तू जागा दाखव, मी एक शब्द बोलणार नाही."

मावशी कोठीकडे बघत राहिली. मी पदर खोचला, कारण पुढचं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे मला दिसत होतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळी कोठी स्वयंपाकघरात ओतली. पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशी प्रत्येक डबा उघडायची, वास घ्यायची आणि तिथेच हरवायची. एक बाटली ती खाली ठेवेना. "तुझ्या आईने दिली होती."

"आई आठवायला बाटली लागते का? टाक," मी म्हणाले. तिने टाकली. घरी जाताना मी ती गुपचूप माझ्या पिशवीत घातली, ते सोडा.

दुपारी कोठी रिकामी झाली. मावशी आत गेली आणि फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली. "एवढीच लागते ताईला. एका गादीवर निजायचो ना आम्ही, अश्शी मुटकुळं करून झोपायची." बोलता बोलता तिचा डोळा लागला. ऊन तिच्या केसांवरून सरकत भिंतीवर गेलं. जिऱ्याचा, ओल्या लाकडाचा, जुन्या गुळाचा वास दाटला होता. मला इतकी कामं पडली होती, तरी तिला उठवायला हात होईना. जागी झाल्यावर म्हणाली, "ताई दारात उभी होती. म्हणाली, सरक."

सामानाला जागा तिनेच शोधली. दुकानात दोऱ्याच्या रिळांची मांडणी होती, एका रिळाएवढीच खोल. तिने शिंपीमास्तरांकडून तशाच अरुंद फळ्या आणल्या आणि काकांकडून स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकून घेतल्या. डब्यामागे डबा ठेवायचाच नाही; मागे गेला तो मेला. आखूड केलेल्या पँटींचे तुकडे दुकानात पडून असतात, त्यांच्या पिशव्या शिवून तिने कोठीच्या दाराला लावल्या. मसाले त्यांत गेले. मी तोंडात बोट घातलं.

मग थोरली आली. ताडमाड उंच! कोठीतल्या गादीवर ती आडवी झाली आणि तिचे पाय पोटरीपासून स्वयंपाकघरात आले. मावशीने माप लहानपणच्या ताईचं घेतलं होतं. तिचा चेहरा पडला. थोरली पाय आवरत म्हणाली, "बघ, नाही मावत मी. चार दिवस राहते नि जाते."

काका उठले. पेचकस आणला, बिजागऱ्या सोडवल्या आणि ते दार मसाल्यांसकट भिंतीला उभं ठोकलं. पायांखाली एक पाट, त्यावर उशी. "तिने जागा दाखवली होती," ते मला म्हणाले. "मी शब्द दिलाय."

पण थोरलीने पेटी उघडली नाही. लागेल तेवढं वरचं काढायची आणि परत कडी लावायची. "पाणी घेऊ का?" "हा कप घेतला तर चालेल ना?" कप धुऊन, पुसून, होता तिथेच ठेवायची. इतक्या वर्षांच्या वसतिगृहाची सवय ती. मावशीला जेवण जाईना. "ती कळवणार गं वृद्धाश्रमाला," मला म्हणायची. महिना संपत आला होता आणि तिला थांब म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणातच नव्हती.

मग एका सकाळी मी गेले, तर मावशी फळ्यांपुढे चवड्यांवर उभी, हात वर. साखरेचा डबा सगळ्यांत वरच्या फळीवर. चहा, मीठ, तेल, सगळंच वर चढलेलं.

"हे कुणी केलं?" मावशी म्हणाली.

"मी," थोरली आतून म्हणाली. "किती वाकायचं माणसाने? कंबर गेली माझी."

"अगं, विचारायचं तरी! माझा हात पोचत नाही तिथे."

"मग हाक मार. मी आहेच की इथे."

मला वाटलं, आता जुंपणार. मावशी तशीच उभी होती, हात वर, गालांवरून पाणी. तिने नाक ओढलं, आवाज नीट केला.

"ताई," तिने हाक मारली, "साखर दे."